माहितीपुस्तकांचे निखळते दुवे

संगणकावरील कोणतीही आज्ञावली आज एकट्याच्या बळावर उभी राहत नाही. बँकेच्या व्याजाची आकारणी करणारी, रेल्वेचे आरक्षण नोंदवणारी किंवा रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल छापणारी आज्ञावली लिहिताना अभियंता इतरांनी आधीच तयार करून ठेवलेल्या असंख्य सुट्या भागांचा वापर करतो. या प्रत्येक भागाचे एक माहितीपुस्तक असते. कोणती सूचना दिली असता कोणते उत्तर मिळेल, कोणत्या परिस्थितीत चूक संभवते, कोणती सोय आता कालबाह्य ठरली आहे, हे सारे त्यात नोंदलेले असते. ही पुस्तके बहुधा कागदावर छापली जात नाहीत. ती महाजालावर असतात. त्यांतील बराचसा भाग यंत्र रचते. आणि ही पुस्तके सतत एकमेकांचा हवाला देत असतात.

एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे नेणारा हा हवाला, म्हणजेच दुवा, योग्य ठिकाणी पोचतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. त्याचे गांभीर्य कळण्यासाठी एक छोटे उदाहरण पुरेसे आहे. अडीच या संख्येचे जवळच्या पूर्णांकात रूपांतर कर, असे पायथन या संगणकीय भाषेला सांगितले, तर तिच्या दुसऱ्या पिढीच्या आवृत्तीत उत्तर तीन येते आणि तिसऱ्या पिढीच्या आवृत्तीत दोन. सूचनेचे नाव दोन्हींकडे एकच, ‘राउंड’. पूर्वी नेमका अर्धा आला की संख्या शून्यापासून दूरच्या पूर्णांकाकडे नेली जाई. आता ती जवळच्या सम पूर्णांकाकडे नेली जाते. असंख्य आकड्यांच्या बेरजेत एकाच दिशेचा कल साचू नये, हा त्यामागील विचार. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बिनचूक आहेत. मात्र नव्या आवृत्तीवर काम करणारा अभियंता दुव्यावर टिचकी मारून जुन्या आवृत्तीच्या पानावर पोचला, तर त्याच्या हाती पडलेली माहिती सुबक, अधिकृत आणि त्याच्या कामापुरती चुकीची असते.

यंत्राने रचलेले पुस्तक

आज्ञावली आणि तिचे स्पष्टीकरण एकत्र नांदले पाहिजे, हा विचार जुना आहे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये तो सविस्तर मांडला. संगणकाला काय करायचे ते सांगण्याबरोबरच, ते का करायचे हे माणसाला समजावून सांगणे हेही आज्ञावलीचे काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. व्यवहारात हा विचार वेगळ्या आणि सोप्या रूपात रुजला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली आणि १९९६ मध्ये तिचा साधनसंच उपलब्ध केला. त्यात ‘जावाडॉक’ नावाचे साधन होते. अभियंत्याने आज्ञावली लिहितानाच प्रत्येक भागाच्या डोक्यावर ठराविक चिन्हांत एक टिपण लिहावे. जावाडॉक ती सारी टिपणे गोळा करून त्यांची परस्परांना जोडलेली पाने तयार करील, अशी ही योजना होती.

पुढे १९९७ मध्ये दिमित्री फान हेश यांचे ‘डॉक्सिजन’ आले आणि सी व सी प्लस प्लस या भाषांच्या जगात ते सर्वतोमुखी झाले. पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तकासाठी गेऑर्ग ब्रान्डल यांनी ‘स्फिंक्स’ तयार केले. ते २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. स्फिंक्समध्ये माणसाने सलग लिहिलेली प्रकरणे आणि यंत्राने आज्ञावलीतून उचललेली टिपणे एकाच पुस्तकात गुंफता येतात.

या साधनांचा मोठा लाभ असा, की आज्ञावली बदलली की पुस्तक पुन्हा रचून घेता येते. पन्नास ठिकाणी हाताने दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत. एखाद्या भागाचे नाव बदलले, तर पुढच्या रचनेत ते नाव पानावर, अनुक्रमणिकेत आणि सूचीत आपोआप बदलते. परंतु ही सारी जादू आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंतच चालते.

घरातला दुवा, परगावचा दुवा

वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश ज्यांनी चाळला आहे, त्यांना नोंदींच्या शेवटी येणारे ‘पहा’ हे संदर्भ आठवत असतील. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे नेणारा हा दुवा विश्वासार्ह ठरतो, कारण दोन्ही नोंदी एकाच संपादक मंडळाच्या हाती असतात. शीर्षक बदलायचे झाले, तर संदर्भही बदलता येतो. आता कल्पना करावी, की विश्वकोशातील नोंदीने दुसऱ्याच प्रकाशकाच्या एखाद्या ग्रंथातील विशिष्ट पानाचा, त्या पानावरील विशिष्ट परिच्छेदाचा हवाला दिला आहे. तो प्रकाशक दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतो, पाने हलवतो, प्रकरणांची नावे बदलतो आणि याची वर्दी कोणालाही देत नाही. माहितीपुस्तकांमधील प्रकल्पाबाहेरच्या दुव्यांची स्थिती नेमकी अशी असते.

हे दुवे टाळावेत, असेही म्हणता येत नाही. समजा, पुण्यातील एखाद्या कंपनीने हवामानाच्या नोंदींचे विश्लेषण करणारा भाग पायथनमध्ये लिहिला. त्यातील एक सूचना ‘तारीख’ या प्रकारची वस्तू परत देते. ही वस्तू कंपनीने घडवलेली नाही. ती पायथन भाषेतील आहे. तिचे वर्णन आपल्या पुस्तकात उतरवून घेतले, तर मूळ वर्णन बदलताच आपली प्रत शिळी होते. वर्णन दिलेच नाही, तर वाचक अडतो. म्हणून ‘या वस्तूची माहिती तिच्या मूळ घरी पाहा’ असे सांगणारा दुवा देणे हाच सरळ मार्ग उरतो. प्रश्न एवढाच, की त्या घराचा पत्ता कोणी आणि कसा लिहायचा?

पहिला मार्ग हाताने पत्ता लिहिण्याचा. ब्राउझरच्या पट्टीतील लांबलचक पत्ता उचलून आपल्या टिपणात चिकटवायचा. दहा-वीस दुव्यांपर्यंत हे निभते. मात्र मोठ्या प्रकल्पात असे हजारो दुवे असतात आणि समोरच्या प्रकल्पाने आपली पाने हलवली, की ते एका रात्रीत कुचकामी ठरू शकतात. म्हणूनच या तिन्ही साधनांनी पत्ता न लिहिता केवळ नाव लिहिण्याची आणि त्या नावावरून पत्ता यंत्राकडून शोधून घेण्याची सोय केली.

नावावरून पत्ता सांगणारी यादी

या सोयीचे मर्म एका छोट्या फाइलमध्ये आहे. स्फिंक्सने पुस्तक रचले की पानांसोबत ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ नावाची एक यादी आपोआप तयार होते. सामान्य वाचकाला ती कधी दिसत नाही. तिच्या पहिल्या चार ओळी साध्या मजकुराच्या असतात. यादीचा प्रकार, प्रकल्पाचे नाव, त्याची आवृत्ती आणि पुढील मजकूर दाबून लहान केला असल्याची सूचना, एवढेच त्यांत असते. त्यानंतरच्या भागात पुस्तकातील प्रत्येक नोंदीसाठी एक ओळ असते. त्या ओळीत वस्तूचे नाव, ती कोणत्या प्रकारची आहे, शोधात तिला किती प्राधान्य द्यायचे, ती कोणत्या पानावर कोठे आहे आणि दुव्यावर कोणते शब्द छापायचे, अशा पाच गोष्टी असतात. जागा वाचवण्यासाठी पत्त्यात तेच नाव पुन्हा येत असेल, तर त्याऐवजी केवळ डॉलरचे चिन्ह टाकले जाते.

दुसऱ्या प्रकल्पाचा अभियंता आपल्या मांडणीच्या फाइलमध्ये एकदाच नोंद करतो, की पायथनचे पुस्तक अमुक पत्त्यावर आहे. पुस्तक रचताना ‘इंटरस्फिंक्स’ हा जोडभाग त्या पत्त्यावरून यादी आणतो. टिपणात एखादे नाव आले, की ते प्रथम आपल्याच पुस्तकात शोधले जाते. तेथे नाही मिळाले, तर आणलेल्या याद्यांत शोधले जाते आणि सापडलेल्या पत्त्याचा दुवा छापला जातो. समोरच्याने पान हलवले, तरी त्याच्या नव्या यादीत नवा पत्ता आलेला असतो. आपले पुस्तक पुन्हा रचले, की दुवा सुधारतो. ही सोय स्फिंक्समध्ये २००८ मध्येच आली.

डॉक्सिजनमध्ये हेच काम ‘टॅग फाइल’ करते. तिथे ही यादी आपोआप मिळत नाही. ती तयार करण्याची सूचना मांडणीत द्यावी लागते. वापरणाऱ्यानेही कोणती टॅग फाइल घ्यायची आणि तिच्यातील पाने कोणत्या पत्त्यावर आहेत, हे सांगावे लागते. डॉक्सिजनच्या पुस्तकात एखाद्या सूचनेच्या जागेचा पत्ता तिच्या नावाने लिहिलेला नसतो. तिच्या संपूर्ण स्वरूपावरून गणिताने काढलेली अक्षरांची व अंकांची एक अर्थहीन वाटणारी मालिका तिथे असते. सूचनेला दिल्या जाणाऱ्या माहितीचा प्रकार बदलला, तरी ही मालिका बदलते. त्यामुळे हाताने लिहिलेला दुवा इथे फार काळ तगत नाही आणि टॅग फाइलला पर्याय राहत नाही.

जावाडॉकने तिसरा मार्ग धरला. १९९८ च्या अखेरीस आलेल्या जावाच्या १.२ या आवृत्तीपासून त्यात बाहेरच्या पुस्तकाचा पत्ता देण्याची सोय आहे. त्या पत्त्यावरून जी यादी आणली जाते, तिचे पूर्वीचे नाव ‘पॅकेज-लिस्ट’ होते. २०१८ मधील दहाव्या आवृत्तीपासून ते ‘एलिमेंट-लिस्ट’ झाले. ही यादी फारच छोटी असते. तिच्यात केवळ गटांची नावे असतात. गटातील प्रत्येक वस्तूचे पान कोठे असेल, हे जावाडॉक ठरलेल्या नियमाने ताडते. गटाच्या नावातील टिंबांच्या जागी तिरप्या रेघा घालायच्या आणि पुढे वस्तूचे नाव जोडायचे, असा तो ढोबळ नियम. ते पान तिथे खरोखर आहे की नाही, हे यादीवरून समजत नाही.

या भेदातच पुढच्या अडचणींचे बीज आहे. यादीत प्रत्येक पत्ता लिहिलेला असेल, तर समोरचा प्रकल्प आपली मांडणी बदलू शकतो. यादी त्याच्या मागून बदलते. यादी छोटी ठेवून नियमावर विसंबायचे म्हटले, तर तो नियम कायमचा करार होऊन बसतो. नियम बदलला, की जगभरातील दुवे बदलावे लागतात.

करार मोडतो तेव्हा

जावाच्या बाबतीत हा करार एकाहून अधिक वेळा बदलला. जावाच्या सातव्या आवृत्तीपर्यंत पानातील नेमक्या सूचनेचा पत्ता लिहिताना गोल कंस वापरले जात. २०१४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत कंसांच्या जागी आडव्या रेघा आल्या. २०१८ मध्ये पुन्हा कंस अवतरले. त्याच वर्षीच्या अकराव्या आवृत्तीच्या पुस्तकात पानाच्या पत्त्यामध्ये ‘मॉड्यूल’चे नाव ही आणखी एक पायरी वाढली. परिणामी जुन्या पुस्तकासाठी लिहिलेला दुवा नव्या पुस्तकाकडे नुसता वळवला, तर तो जागेवर पोचेलच अशी खात्री राहिली नाही. यातील कंस आणि रेघांचा फरक विशेष फसवा आहे. पानाचा पत्ता बरोबर आणि पानातील जागा चूक असेल, तर ब्राउझर कोणतीही तक्रार करीत नाही. तो पानाचा माथा दाखवून मोकळा होतो. दुवे तपासणाऱ्या साध्या यंत्रणेलाही पान सापडलेले असल्यामुळे सारे आलबेल वाटते.

पुस्तकाचे घरच बदलते, तेव्हा गोष्ट आणखी वेगळी. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने ताब्यात घेतली आणि जावाची पुस्तके ओरॅकलच्या संकेतस्थळावर गेली. अशा वेळी जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्याकडे वळवण्याची व्यवस्था केली जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तरीही कोणी टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’ म्हटले, तर तो योग्य दारात नेऊन सोडतो. महाजालावरील वळण हेच काम करते. पण माणसाला उमगणारे वळण यंत्राला उमगेलच असे नाही. पुढे संकेतस्थळांनी साध्या एचटीटीपीऐवजी सुरक्षित एचटीटीपीएस पत्ते स्वीकारले, तेव्हा वाचकांचे ब्राउझर विनासायास नव्या पत्त्यावर पोचले. जावाडॉकच्या जुन्या आवृत्त्या मात्र या वळणापाशीच अडत. यादी हाती येत नसे आणि दुवे तयार होत नसत. पुढील काळात हा दोष दूर करण्यात आला.

उलट काही उदाहरणे अनुकरणीय आहेत. ‘रीड द डॉक्स’ ही माहितीपुस्तके रचून महाजालावर ठेवणारी सेवा २०१० मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिने पुस्तकांचे पत्ते एका नावाखालून दुसऱ्या नावाखाली हलवले. परंतु जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे वळवण्याची सोय ठेवली. अशा सोयीमुळे किती दुवे वाचले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. न निखळलेला दुवा कोणाच्या लक्षात येत नाही.

आवृत्तींचा पेच

दुवा जिवंत असणे आणि दुवा बरोबर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या महाजालावर एकाच वेळी नांदतात. त्यातच ‘ताजी’ किंवा ‘स्थिर’ असे फिरते पत्ते असतात; आज त्यांच्यामागे एक आवृत्ती असते, उद्या दुसरी. आपण कोणत्या पत्त्याशी दुवा बांधायचा, याचा निर्णय प्रकल्पाला घ्यावा लागतो.

पायथनने या पेचातून काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. पायथनची तिसरी पिढी डिसेंबर २००८ मध्ये आली. मात्र दुसरी पिढी दीर्घकाळ वापरात राहिली आणि तिचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. मधल्या काळात प्रश्न उभा राहिला, की आवृत्तीचा उल्लेख नसलेल्या पत्त्यावर कोणते पुस्तक दाखवायचे? नव्या वाचकाला नवे पुस्तक दिसणे इष्ट होते. पण वर्षानुवर्षे लिहिल्या गेलेल्या लेखांतले आणि पुस्तकांतले असंख्य दुवे दुसऱ्या पिढीला उद्देशून होते. त्या पत्त्यावर अचानक तिसऱ्या पिढीचे पान आले असते, तर दुवा जिवंत राहून अर्थ बदलला असता. २०१२ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात यावर तोडगा सुचवला गेला. मुख्य दारातून येणाऱ्याला तिसऱ्या पिढीचे पुस्तक दाखवायचे. आतल्या पानांच्या आवृत्तीविरहित जुन्या पत्त्यांचा अर्थ मात्र तूर्त दुसरी पिढी असाच राखायचा. दुवा देणाऱ्याचा मूळ हेतू जपणे हेही पुस्तक चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव त्यामागे होती.

दुवा देणाऱ्या बाजूनेही काळजी घ्यावी लागते. आपली आज्ञावली समोरच्या भागाच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवर तपासली आहे, हे अभियंत्याला ठाऊक असते. दुवा त्याच आवृत्तीच्या पुस्तकाशी बांधला, तर वाचकाला जुळणारी माहिती मिळते. पण समोरच्याने ती आवृत्ती काढून टाकली, की दुवा तुटतो. फिरत्या पत्त्याशी बांधला, तर दुवा तुटण्याची शक्यता कमी. पण तो हळूहळू आपल्या आज्ञावलीपासून दूर सरकत जातो. म्हणून अनेक प्रकल्पांत मधला मार्ग धरला जातो. विकासाधीन पुस्तकाचे दुवे फिरत्या पत्त्याकडे आणि प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक आवृत्तीचे दुवे त्या-त्या वेळच्या नेमक्या आवृत्तीकडे, अशी ही विभागणी असते.

न कळणारे अपयश

या यंत्रणेतील सर्वांत त्रासदायक दोष असे, की बिघाड झाला तरी गाजावाजा होत नाही. स्फिंक्सला पायथनच्या भागांपैकी एखादे नाव कोणत्याच यादीत सापडले नाही, तर सर्वसाधारण मांडणीत ते नाव दुव्याविना साध्या अक्षरांत छापले जाते. पान नीटनेटके दिसते. तिथे दुवा हवा होता, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो. ‘निटपिकी’ नावाची कठोर तपासणी मुद्दाम चालू केली, तरच अशा प्रत्येक जागेची सूचना मिळते.

दुसरा प्रकार चुकीच्या घरी पोचण्याचा. ‘इन्स्टॉलेशन’ या नावाचे पान अनेक माहितीपुस्तकांत असते. एखाद्या प्रकल्पाने आपले असे पान काढून टाकले आणि त्याकडे जाणारा दुवा तसाच राहिला, तर वास्तविक यंत्राने चूक दाखवायला हवी. पण आपल्या घरी पान नाही म्हटल्यावर शोध बाहेरच्या याद्यांत जाई आणि कोणा तिसऱ्याच प्रकल्पाच्या ‘इन्स्टॉलेशन’ पानाशी दुवा बिनबोभाट जोडला जाई. हे रोखण्यासाठी विशिष्ट प्रकारचे शोध बंद करण्याची सोय स्फिंक्समध्ये २०२१ मध्ये आली आणि २०२२ च्या पाचव्या आवृत्तीपासून पानांच्या नावांचा असा परभारे शोध मूळ मांडणीतच बंद ठेवण्यात आला. त्याच वर्षी हा दुवा बाहेरचाच आहे, असे स्पष्ट लिहिण्याची पद्धतही उपलब्ध झाली.

तिसरी अडचण परावलंबनाची. पुस्तक रचताना याद्या दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून आणायच्या, तर त्यांपैकी एखादे संकेतस्थळ त्या घटकेला बंद असू शकते. सूचनांकडे दुर्लक्ष करून रचना पुढे रेटली, तर त्या प्रकल्पाचे सारे दुवे एकदम नाहीसे झालेले पुस्तक प्रसिद्ध होते. उलट प्रत्येक सूचना ही चूक मानून रचना थांबवण्याची शिस्त लावली, तर परक्याच्या बंद पडलेल्या यंत्रामुळे आपले काम अडून बसते. इंटरस्फिंक्स एकदा आणलेली यादी साधारणपणे पाच दिवस जपून ठेवते. त्यामुळे अभियंत्याच्या संगणकावर सारे सुरळीत दिसते आणि दरवेळी कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्या सामाईक यंत्रावर मात्र दुवे तुटतात, असा चक्रावून टाकणारा अनुभवही येतो.

चौथी अडचण परस्परांवर विसंबलेल्या प्रकल्पांची. पहिल्याच्या पुस्तकाला दुसऱ्याची यादी हवी आणि दुसऱ्याला पहिल्याची. आधी कोणाचे पुस्तक रचायचे? अंडे आधी की कोंबडी, अशातला हा प्रकार. यावर उपाय दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत केवळ याद्या तयार करायच्या, दुवे अपुरे राहिले तरी चालतील. दुसऱ्या फेरीत त्या याद्या हाताशी धरून दोन्ही पुस्तके पूर्ण रचायची.

शिस्त कोणती?

या साऱ्या अडचणींवर एकच रामबाण उपाय नाही. मात्र थोडी शिस्त पाळली, तर त्यांचा जाच बराच कमी होतो. पहिली गोष्ट, परक्या पुस्तकातील जागेचा पूर्ण पत्ता टिपणांत विखरून ठेवू नये. नाव लिहावे आणि पत्ता मांडणीच्या फाइलमध्ये एकाच ठिकाणी ठेवावा. पत्ता बदलला, तर एक ओळ बदलून काम भागते. रस्ट या भाषेनेही हीच दिशा धरली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या तिच्या १.४८ या आवृत्तीपासून टिपणात पानाचा पत्ता न लिहिता वस्तूचे नाव लिहून दुवा देण्याची सोय कायम झाली.

दुसरी गोष्ट, महत्त्वाच्या याद्यांची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. स्फिंक्सला आधी महाजालावरील यादी पाहा आणि ती न मिळाल्यास जवळची प्रत वापर, असे सांगता येते. जावाडॉकमध्येही यादी स्थानिक प्रतीतून वाचून दुवे मात्र महाजालावरील पत्त्याचे छापण्याची स्वतंत्र सोय आहे. जेथे सुरक्षेसाठी रचनेच्या यंत्राला महाजालाची जोडणीच दिली जात नाही, अशा बँकांसारख्या संस्थांत याला पर्याय नसतो. अर्थात ठेवलेली प्रतही अधूनमधून ताजी करावी लागते; एरवी ती जुन्या दूरध्वनी सूचीसारखी होते.

तिसरी गोष्ट, यादीत एकच नाव अनेक प्रकल्पांत असेल, तर कोणत्या प्रकल्पातील नाव हवे, ते उपपदासारखे आधी लिहावे. चौथी, कठोर तपासणी आणि दुव्यांची तपासणी या दोहोंना वेगवेगळी वेळ द्यावी. नाव सापडते की नाही, हे प्रत्येक रचनेच्या वेळी पाहता येते. बाहेरची पाने जिवंत आहेत की नाहीत, हे आठवड्यातून एकदा स्वतंत्रपणे पाहिले तरी चालते. स्फिंक्समध्ये त्यासाठी ‘लिंकचेक’ हे साधन आहे. यामुळे परक्याच्या बिघाडाने आपले रोजचे काम थांबत नाही आणि बिघाड नजरेआडही राहत नाही.

पाचवी गोष्ट समोरच्या बाजूची. ज्या प्रकल्पाचा वापर इतर जण करतात, त्याने आपली यादी पुस्तकासोबत नेहमीच्या जागी ठेवावी, जुन्या आवृत्त्यांची पुस्तके घाईने काढू नयेत आणि पाने हलवताना जुन्या पत्त्यांवर वळणे ठेवावीत. सी प्लस प्लस भाषेचे ‘सीपीपीरेफरन्स’ हे संदर्भस्थळ डॉक्सिजन वापरणाऱ्यांसाठी स्वतःची टॅग फाइल उपलब्ध करून देते. आपल्या पानांकडे इतरांनी बिनचूक यावे, यासाठी यजमानाने स्वतःहून पाटी लावण्याचा हा प्रकार आहे.

जुना प्रश्न, नवी जबाबदारी

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात चांगले पत्ते बदलत नसतात, असा विचार मांडला होता. पत्ता ठरवताना तो कित्येक वर्षे टिकेल अशी रचना करावी, कारण आपल्याकडे कोणी कोठून दुवा दिला आहे, हे पत्त्याच्या मालकाला कधीच पूर्णपणे ठाऊक नसते, असा त्यांचा सांगावा होता. तो फारसा मनावर घेतला गेला नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर मूळ पत्त्यावर उपलब्ध नव्हती.

वृत्तलेखातील दुवा तुटला, तर वाचक हळहळतो आणि पुढे जातो. माहितीपुस्तकातील दुवा तुटला किंवा भलतीकडे वळला, तर नव्याने नोकरीला लागलेला अभियंता अंदाजाने काम उरकतो, अनुभवी अभियंत्याचा अर्धा दिवस शोधात जातो आणि क्वचित एखादी चूक कोणाच्या तरी खात्याच्या हिशेबापर्यंत जाऊन पोचते. पुस्तक यंत्राने रचले असले, तरी कोणत्या घरी दुवा द्यायचा, कोणत्या आवृत्तीशी बांधायचा आणि तो तुटला तर कोणाला कळवायचे, हे यंत्र ठरवीत नाही. ती मांडणीची चार ओळींची फाइल प्रकल्पात कोणाच्या तरी नावावर असावी लागते. जिथे ती कोणाच्याच नावावर नसते, तिथे पहिला दुवा निखळल्याचे बहुधा कोणाच्याही ध्यानात येत नाही.